समुद्रात ढासळत चाललेल्या जुन्या वस्तीचं थ्रीडी डॉक्युमेंटेशन: फोनवर केलं तर कामाचं होईल का, आणि सगळ्यांना दाखवावं का?

किनारवाट

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण या विषयातली जाणकार माणसं इथे आहेत म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आमचा एक छोटा हौशी गट आहे, समुद्राला लागून असलेल्या एका जुन्या वस्तीच्या जागेवर आम्ही लक्ष ठेवून असतो. संबंधित खात्याला कळवलेलं आहे, त्यांनी कशालाही हात न लावता फोटो काढायची आणि मोजमाप घ्यायची लेखी परवानगी दिलीय आणि उत्खनन इतक्यात होणार नाही हेही स्पष्ट सांगितलंय. इकडे समुद्र काही कोणासाठी थांबत नाही. प्रत्येक वादळात कड्याचा एखादा तुकडा खाली येतो आणि त्याच्याबरोबर त्यातलं सगळं जातं. कड्याच्या उभ्या कापात थर अगदी स्वच्छ दिसतात, तळाला पिवळट वाळू, त्यावर शिंपल्यांचा जाडसर पट्टा, मग कोळसा मिसळलेली काळी माती, त्या मातीत एका चुलीची भाजून लाल झालेली कड अर्धवट बाहेर आलीय आणि खापरांचे काठ ठिकठिकाणी डोकावतायत. पुढच्या वादळानंतर ती चूल तिथे असेलच असं कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

आमच्यातल्या एकाकडे लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) असलेला फोन आहे, दुसऱ्या एकीकडे बऱ्यापैकी कॅमेरा आहे. फोनने एक ट्रायल स्कॅन करून बघितलं, दिसायला झकास आलं, स्क्रीनवर बोटाने फिरवून बघता येतं. पण हे नुसतं बघायला छान आहे की उद्या एखाद्या अभ्यासकाला यातून खरंच काही मोजता येईल, हे आम्हाला कळत नाहीये.

आणि खरा वाद पुढेच आहे. निम्मे म्हणतात की हे लगेच ऑनलाइन टाकूया, व्हीआरमध्ये बघता येईल असं करूया, लोकांनी बघितलं तरच त्यांना काय जातंय ते कळेल. बाकीचे म्हणतात की असं केलं तर वस्तू उचलणाऱ्यांना आपणच पत्ता दिल्यासारखं होईल. मला दोन्ही बाजू पटतात आणि म्हणूनच अडकलेय. ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी कृपया सांगा.

बिंदुमेघ

मी सर्वेक्षणात काम करतो, पुरातत्त्ववाला नाही, पण अशा जागांची मोजणी पुष्कळ केलीय त्यामुळे तांत्रिक भागाबद्दल लिहितो.

फोनवर केलेलं कामाचं होतं, पण त्यातल्या लायडारवर विसंबू नका. फोनमधला लायडार फार तर पाच मीटरपर्यंत बघतो आणि बारीक तपशील तो गुळगुळीत करून टाकतो, खोलीचा किंवा भिंतीचा अंदाज यायला तो ठीक, पण तुम्ही ज्या खापरांच्या काठांबद्दल लिहिलंय ते त्यात फुगवटे म्हणून येतील, एवढंच. तुमच्याकडे कॅमेरा आहे ना, मग फोटोग्रामेट्री करा. एकमेकांवर चढणारे भरपूर फोटो काढायचे, सॉफ्टवेअर त्या फोटोंमधले सारखे ठिपके शोधतं, त्यावरून प्रत्येक फोटोच्या वेळी कॅमेरा कुठे होता ते काढतं आणि मग पृष्ठभागाचा पॉइंट क्लाउड, म्हणजे थ्रीडी ठिपक्यांचा ढग, तयार करतं. मेशरूम आणि वेबओडीएम ही फुकट आहेत, मेटाशेप विकत घ्यावं लागतं, तुमच्या कामाला फुकटवालीसुद्धा पुरतील.

काढायचे कसे ते नीट सांगतो कारण सगळं यश तिथेच आहे. ढगाळ दिवस निवडा, कडक उन्हात सावल्या फोटोत भाजल्यासारख्या बसतात आणि थरांचे रंग फसवे येतात. झूम एकदा ठरवला की त्याला हात लावायचा नाही, एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवायचं. आधी कड्याला समांतर चालत सरळ समोरून फोटो, शेजारच्या दोन फोटोंत निदान ७० टक्के भाग सारखा यायला हवा, मग तोच पट्टा थोडा वरून आणि थोडा खालून तिरपा. हे तिरपे फोटो लोक टाळतात आणि मग नुसत्या समांतर फोटोंमुळे मॉडेलला हलका बाक येतो, डोळ्यांना दिसत नाही पण मोजायला गेलं की सरळ थर वाकडा निघतो. माती ओली असली की चमकते, चमक प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी दिसते आणि सॉफ्टवेअर गोंधळतं, म्हणून भरती उतरल्यावर काप जरा सुकू द्या. वर गवत हलत असेल तर तो भाग नंतर मास्क करा, म्हणजे फोटोत झाकून टाका. आणि कृपा करून कड्याच्या पायथ्याला चिकटून उभे राहू नका, जो कडा ढासळतोय म्हणून तुम्ही हे करताय तो फोटो काढतानाही ढासळू शकतो.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, मोजता येईल का. नुसत्या फोटोंवरून मॉडेलला आकार कळतो, आकारमान कळत नाही. चूल हातभर रुंद आहे की खोलीएवढी, हे सॉफ्टवेअरला कोणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी कापाशेजारी, कापाला न टेकता, माहीत असलेल्या लांबीच्या स्केल पट्ट्या ठेवा, एक आडवी एक उभी, आणि तिसरी तपासणीसाठी जिची लांबी सॉफ्टवेअरला सांगायचीच नाही, मॉडेल तयार झालं की तिच्यावरून चूक किती आली ते कळतं. टोटल स्टेशन किंवा आरटीके जीपीएस (दोन्ही अचूक मोजणीची यंत्रं) कोणाकडून मिळालं तर चार-पाच कंट्रोल पॉइंट, म्हणजे नेमकी जागा माहीत असलेल्या खुणा, मोजून घ्या, म्हणजे मॉडेल जगाच्या नकाशात बरोबर जागी आणि बरोबर उभं बसेल.

याने काय फरक पडतो ते अफगाणिस्तानातल्या बामियानवरून लक्षात येईल. मार्च २००१ मध्ये तिथल्या दोन बुद्धमूर्ती, एक साधारण ५५ मीटरची आणि दुसरी ३८ मीटरची, स्फोटकांनी उडवून दिल्या. नंतर झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी मोठ्या मूर्तीचं थ्रीडी मॉडेल जुन्या फोटोंवरून बनवलं, तेही तीन वेगवेगळ्या संचांवरून: एक इंटरनेटवर सापडलेले फोटो, दुसरे पर्यटकाने काढलेले, आणि तिसरे कोस्टका या ऑस्ट्रियन प्राध्यापकांनी १९७० मध्ये मोजणीच्या कॅमेऱ्याने काढलेले. सगळ्यात भरवशाचं निघालं ते १९७० च्या फोटोंवरून केलेलं, कपड्याच्या चुण्यांपर्यंतचा तपशील त्यातून आला. ते फोटो काढले तेव्हा कॉम्प्युटरवर असं काही करता येईल हे कोणाच्या डोक्यातही नसणार. कोस्टकांनी फक्त मोजता येतील असे फोटो काढले आणि ते टिकले.

म्हणून मूळ फोटो हीच तुमची खरी नोंद समजा, जमलं तर रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये. मॉडेल पुढे कधीही, आजच्यापेक्षा चांगल्या सॉफ्टवेअरने, परत बनवता येतं. सध्या गॉशियन स्प्लॅटिंग या फोटोंवरून थ्रीडी दृश्य बनवायच्या पद्धतीचा बोलबाला आहे, २०२३ पासून, आणि दिसायला ते खरोखर डोळे दिपवणारं आहे, गवताची पाती आणि पाण्याची चमकसुद्धा येते, पण त्यात पक्का पृष्ठभाग नसतो, मोजणीसाठी तेवढ्यावर अवलंबून राहू नका. त्याच फोटोंवरून दाखवायला स्प्लॅट आणि मोजायला पॉइंट क्लाउड असं दोन्ही करता येतं.

जुनीवीट

बिंदुमेघ यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण लोक त्याचा विचार सगळं अपलोड करून झाल्यावर करतात.

ताई, तुमची जागा उघडी आहे, राखण नाही आणि खापरं हाताने ओढून काढता येतील अशी आहेत. अशा जागेचं मॉडेल टाकायचं तर आधी पत्ता पुसा. फोटोंच्या फाइलमध्ये जीपीएस असतं हे बहुतेकांना माहीत असतं, ते काढून टाकता येतं. पण मॉडेलच्या पार्श्वभूमीला जी डोंगराची रेघ असते, मागे दीपगृह असतं, विजेच्या टॉवरची रांग असते, त्यावरून जागा ओळखणारे लोक असतात. कापाच्या बाहेरचं सगळं छाटून टाका. आणि कंट्रोल पॉइंटचे अक्षांश-रेखांश सार्वजनिक फाइलमध्ये जाऊ देऊ नका, ही गोष्ट हमखास निसटते कारण एक्सपोर्ट करताना सॉफ्टवेअर ते आपोआप सोबत देतं.

पत्ता लपवूनही लोकांना सामील करून घेता येतं. पुरातत्त्वज्ञ सारा पार्कॅक यांनी २०१७ मध्ये ग्लोबलएक्सप्लोरर सुरू केलं तेव्हा जगभरातल्या सर्वसामान्य लोकांना उपग्रहाची चित्रं दिली, चोरट्या खोदकामाचे खड्डे आणि जुन्या बांधकामांच्या खुणा शोधायला. पण चित्रं छोट्या छोट्या तुकड्यांत आणि तुकडा नेमका कुठला ते न सांगता. बघणाऱ्याला काम करता यायचं, पण तिथे जाऊन पोहोचता येत नव्हतं. उघड किंवा बंद असे दोनच पर्याय असतात असं नाही, हे मला त्यातून पटलं.

दुसरं, ती जागा कोणाची आहे याचा विचार केलाय का? कायद्याने कोणाची हे विचारत नाहीये. आजूबाजूला जे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात त्यांचं त्या जागेशी काही नातं असेल, पुरलेली माणसं असतील, बाहेरच्यांना दाखवायच्या नसलेल्या गोष्टी असतील. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगू समाजाबरोबर काम करताना मुकुर्तू नावाची एक प्रणाली उभी राहिली, त्यात कुठला फोटो कोणी बघायचा हे तो समाज स्वतःच्या रीतीप्रमाणे ठरवतो, काही फोटो सगळ्यांना, काही फक्त घराण्यातल्यांना. आता ते सॉफ्टवेअर इतर ठिकाणचे समाजही वापरतात. तुमच्याकडे सॉफ्टवेअर नसलं तरी चालेल, जाऊन विचारणं तर जमेल. अपलोड करायच्या आधी विचारा, नंतर विचारण्याला अर्थ राहत नाही.

हे सीरियातल्या पाल्मिरा या प्राचीन शहराच्या कमानीमुळे माझ्या मनात बसलंय. २०१५ मध्ये ती कमान पाडली गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये लंडनच्या ट्राफल्गर चौकात तिची लहान आकाराची दगडी प्रतिकृती उभी राहिली, फोटोंवरून मॉडेल आणि मॉडेलवरून मशीनने कोरलेला संगमरवर. तंत्र म्हणून थक्क करणारी गोष्ट होती. पण त्याच पाल्मिराचा अर्ध्या शतकाचा जाणकार खालिद अल-असद ऑगस्ट २०१५ मध्ये मारला गेला होता आणि तिथली माणसं घरंदारं सोडून परागंदा झाली होती, त्यांचं या कमानीबद्दल काय म्हणणं आहे हे त्या सोहळ्यात फारसं कुठे ऐकू आलं नाही. दगड परत आला आणि माणसं वगळली गेली असं होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

खिडकीतून

जुनीवीट, तुमच्या काळजीबद्दल आदर आहे पण मला जरा दुसऱ्या बाजूने बोलायचंय.

मी व्हीलचेअर वापरतो. किनारवाट यांनी लिहिलेल्या त्या कड्यापर्यंत मी आयुष्यात कधी जाऊ शकणार नाही, समुद्राने तो गिळला नाही तरीही. लेणी, किल्ले, गुहा, उत्खननाचे खड्डे, या सगळ्याला पायऱ्या तरी असतात किंवा वाटच नसते. त्यामुळे कोणी म्हणालं की व्हर्च्युअल म्हणजे नुसती दुधाची तहान ताकावर, तर मला त्यांना सांगावंसं वाटतं की माझ्या वाट्याला दूध कधी येणारच नव्हतं. मी हेडसेट लावून इजिप्तमधल्या नेफरतारीच्या कबरीत फिरलोय, छतावरच्या ताऱ्यांखाली मान वर करून बघत बसलोय, आणि तो माझ्यासाठी खराखुरा अनुभव होता.

आणि धडधाकट लोकांनीसुद्धा काही ठिकाणी न गेलेलंच बरं. फ्रान्समधली प्राचीन चित्रांची लास्को गुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांना खुली केली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली, कारण माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ओल आणि दिवे यांनी भिंतींवर शेवाळ धरायला लागलं. १९८३ मध्ये शेजारी प्रतिकृती केली, २०१६ मध्ये पूर्ण गुहेची आणखी मोठी. तिथलीच शोव्हे गुहा १९९४ मध्ये सापडली आणि लास्कोवरून शहाणे झालेल्या लोकांनी ती सामान्यांसाठी उघडलीच नाही, तिचे स्कॅन करून केलेली प्रतिकृती २०१५ मध्ये उघडली. तुमच्या विषयाला सगळ्यात जवळची म्हणजे मार्सेजवळची कॉस्केर गुहा. तिचं तोंड समुद्राखाली ३७ मीटरवर आहे, आतल्या चित्रांचा काही भाग पाण्याने आधीच गेलाय आणि समुद्राची पातळी वाढतेय तसा उरलेल्यालाही धोका आहे. पाण्यात बुडी मारणारे पाणबुडे सोडून तिथे कोणी जाऊ शकत नाही. तिचं लेझरने आणि फोटोंनी बारकाईने मोजमाप घेतलं आणि २०२२ मध्ये मार्से शहरात प्रतिकृती लोकांसाठी खुली झाली. ते स्कॅनिंग झालं नसतं तर त्या पेंग्विनसारख्या दिसणाऱ्या ऑक पक्ष्यांची चित्रं बुडताना मूठभर पाणबुड्यांनी तेवढी बघितली असती.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, पत्ता लपवा, पार्श्वभूमी छाटा, लोकांना विचारा, सगळं मान्य. पण भीतीने हार्ड डिस्कमध्ये कुलूपबंद करून ठेवू नका. ज्या जागेबद्दल कोणाला माहीतच नाही तिच्यासाठी कोणी भांडतही नाही.

एक प्रेक्षक म्हणून आणखी एक मागणी. जे प्रत्यक्ष आहे आणि जे तुम्ही कल्पनेने भरलंय ते वेगळं दाखवा. कित्येक व्हर्च्युअल टूरमध्ये मोडक्या भिंतीवर एकदम छप्पर येतं, माणसं येतात, रंग येतो, आणि कुठपर्यंत पुरावा आहे आणि कुठून चित्रकाराचा अंदाज सुरू झाला हे कळायला मार्गच नसतो. यासाठी २००६ चा लंडन चार्टर म्हणून एक जाहीरनामा आहे, त्याचं सगळं सार हेच की दृश्य कशावरून तयार केलं ते बघणाऱ्याला समजलं पाहिजे. तुम्ही ती चूल पेटलेली दाखवणार असाल तर जरूर दाखवा, मला आवडेल, पण एक बटण द्या ज्याने अंदाज पुसला जाईल आणि फक्त सापडलेलं उरेल.

जुनीवीट

खिडकीतून, तुमचं म्हणणं पटलं. मी बंद ठेवा असं म्हणत नव्हते पण माझा रोख तसा वाटला असेल. पत्ता न देता काप दाखवणं हा मला योग्य मार्ग वाटतो. बटणाची कल्पना तर फारच चांगली आहे.

उघडपणाच्या बाजूने मीच एक उदाहरण देते. बर्लिनमधल्या नेफरतीतीच्या अर्धपुतळ्याचं थ्रीडी स्कॅन म्युझियमकडे होतं पण ते लोकांना देत नव्हते, एका कलाकाराने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१९ मध्ये ते मिळालं. काचेच्या पेटीत, पहाऱ्यात असलेल्या वस्तूचं स्कॅन दाबून ठेवण्यात कोणाचंच संरक्षण नाही. धोका असतो तो उघड्या कड्याला. निर्णय जागेगणिक वेगळा घ्यावा लागेल, एकच नियम सगळीकडे लावता येणार नाही.

अभिलेखखोली

सगळे दाखवण्याबद्दल बोलतायत, मी साठवण्याबद्दल बोलतो कारण माझं कामच ते आहे आणि यात होणारं नुकसान गुपचूप होतं.

१९८६ मध्ये बीबीसीने डूम्सडे प्रोजेक्ट केला, इंग्लंडमधल्या जमिनींची पाहणी नोंदवणाऱ्या १०८६ सालच्या डूम्सडे बुकला ९०० वर्षं झाली म्हणून. हजारो शाळांनी माहिती पाठवली, नकाशे, फोटो, व्हर्च्युअल फेरफटकेसुद्धा होते त्यात, सगळं लेझरडिस्कवर. पुढच्या १५-१६ वर्षांतच ती डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि मजकूर वाचवायला तज्ज्ञांची फौज लागली. १०८६ चं चामड्यावरचं पुस्तक मात्र आजही उघडून वाचता येतं. अलीकडचं सांगायचं तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरवर केलेल्या असंख्य व्हर्च्युअल टूर ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झाल्यावर गेल्या. थ्रीडी मॉडेल ठेवायची गूगल पॉली ही सेवा जून २०२१ मध्ये बंद झाली. त्यामुळे स्केचफॅबसारख्या ठिकाणी मॉडेल टाकणं म्हणजे दाखवणं, जतन करणं नव्हे. दाखवायला खुशाल टाका, पण तीच तुमची एकमेव प्रत असू नये.

एकमेव प्रतीचं काय होतं याचं आपल्याला ठाऊक असलेलं उदाहरण अजिंठ्याचं. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून तिथल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या, त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत जवळपास सगळ्या जळाल्या. मग ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा सगळं काम केलं, त्यातल्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. मूळ भिंती झिजत होत्या आणि ज्या नोंदी त्यांच्या जागी उभ्या राहायच्या त्या एकाच इमारतीत होत्या. आजच्या हार्ड डिस्कला हे जसंच्या तसं लागू आहे. निदान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात.

फॉरमॅटबद्दल, सॉफ्टवेअरची स्वतःची प्रोजेक्ट फाइल ठेवा पण तिच्यावर भरवसा ठेवू नका, दहा वर्षांनी ती उघडेलच असं नाही. पॉइंट क्लाउड ई५७ किंवा पीएलवायमध्ये, मेश (ठिपके जोडून केलेला पृष्ठभाग) ओबीजेमध्ये, फोटो रॉ आणि सोबत टिफ. आणि साधी टेक्स्ट फाइल, जी सगळ्यात महत्त्वाची आणि जी कोणीच लिहीत नाही: कोणी, कुठल्या तारखेला, भरती-ओहोटी काय होती, कुठला कॅमेरा आणि लेन्स, स्केल पट्टीची लांबी किती, तपासणीत चूक किती आली, कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या आवृत्तीचं, कुठला भाग छाटला आणि का. मॉडेलमध्ये एखादं छिद्र सॉफ्टवेअरने आपोआप बुजवलं असेल तर तेही लिहा, नाहीतर पुढचा अभ्यासक त्या बुजवलेल्या मातीवर निष्कर्ष काढेल.

शक्य असेल तर हे सगळं पुरातत्त्वाचा डेटा सांभाळणाऱ्या संस्थेकडे द्या. ब्रिटनमध्ये यॉर्कची आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस १९९६ पासून हेच करतेय, जुने फॉरमॅट नव्यात बदलत राहणं हेच त्यांचं रोजचं काम. तुमच्या भागात असं काही नसेल तर विद्यापीठाची लायब्ररी किंवा ज्या खात्याने परवानगी दिली ते. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस चार्टरमध्येही शेवटचं कलम हेच आहे की नोंदी सार्वजनिक संस्थेच्या अभिलेखागारात ठेवाव्यात आणि संशोधकांना मिळाव्यात. तेव्हा ते कागदी नकाशे आणि फोटोंबद्दल लिहिलं होतं, पण गरज तीच आहे.

किनारवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. गटात हे सगळं वाचून दाखवलं आणि बराचसा वाद मिटला. पूर्ण डेटा, मूळ फोटो आणि कंट्रोल पॉइंट खात्याकडे आणि विद्यापीठाच्या लायब्ररीकडे जाणार, आमच्याकडे एक प्रत. सार्वजनिक मॉडेलमध्ये फक्त काप, मागचं सगळं छाटून, जागेचं नाव न देता, आणि ते टाकायच्या आधी किनाऱ्यावरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांशी बसून बोलायचं असं ठरलंय. खिडकीतून, बटण नक्की असेल, आणि तपासायला पहिल्यांदा तुम्हालाच पाठवणार.

आता बिंदुमेघ यांना एक जादा प्रश्न. वादळाआधी आणि वादळानंतर असं दोनदा मॉडेल केलं तर काय काय गेलं ते नेमकं काढता येतं का? खात्याला नुसतं ‘ढासळतंय’ असं सांगून उपयोग होत नाही, किती ते विचारतात.

बिंदुमेघ

येतं, आणि माझ्या मते तुमच्या कामाचा सगळ्यात मोलाचा भाग तोच ठरेल. एक मॉडेल म्हणजे एका दिवसाची नोंद. तीच जागा पुन्हापुन्हा मोजली की मग धूप कुठल्या भागात वेगाने होतेय आणि आधी कुठे माणसं लावायला हवीत हे खात्याला दाखवता येतं.

त्यासाठी दोन्ही मॉडेल एकाच मापात आणि एकाच जागी बसली पाहिजेत, म्हणजे कंट्रोल पॉइंट कड्यापासून आत, जिथे जमीन हलणार नाही अशा ठिकाणी हवेत. पक्का खडक असेल तर उत्तम, जुनं बांधकाम अजिबात नको. ते पॉइंट जिथे ठरतील तिथलं वर्णन आणि फोटो लिहून ठेवा म्हणजे वर्षाने दुसऱ्या कोणी जरी मोजलं तरी तेच पॉइंट सापडतील. वादळाने दोनेक गेले तरी उरलेल्यांवर भागलं पाहिजे, म्हणून थोडे जास्तच ठेवा. मग दोन्ही पॉइंट क्लाउड क्लाउडकम्पेअरमध्ये उघडा, ते फुकट आहे, त्यात दोन पृष्ठभागांमधलं अंतर काढायची एम३सी२ नावाची पद्धत आहे, ती जिथे फरक आहे तिथे रंग भरून दाखवते आणि किती घनमीटर माती गेली तेही त्याच सॉफ्टवेअरमध्ये निघतं.

हे हौशी लोकांना जमतं का असं कोणी विचारलं तर स्कॉटलंडचं उदाहरण द्या. तिथल्या स्कारा ब्रे या पाच हजार वर्षं जुन्या वस्तीवरची वाळू १८५० च्या वादळाने उडवली म्हणून ती दिसायला लागली, आणि तोच समुद्र आता तिला धोका आहे, तिथे हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंडवाले लेझर स्कॅन परत परत करून किनारा किती सरकला ते बघतात. ते सरकारी काम झालं. पण त्याच देशात किनाऱ्यावरच्या धोक्यातल्या शेकडो जागांची पाहणी सर्वसामान्य लोकांनी केलीय, स्कार्प नावाच्या प्रकल्पात, फोनवरच्या अ‍ॅपमधून जागेची अवस्था कळवायची, फोटो पाठवायचे, आणि त्यावरून कुठल्या जागेकडे आधी धावायचं ते ठरायचं.

खात्याला आकडा देताना एक सांभाळा. तुमच्या तपासणीच्या पट्टीवर चूक समजा दोन सेंटिमीटर आली, तर दोन मॉडेलमधला तीन सेंटिमीटरचा फरक ‘माती गेली’ म्हणून सांगू नका, दोन्ही मॉडेलच्या चुका मिळून तेवढा फरक सहज होतो. त्याहून स्पष्ट मोठा फरक असेल तोच रिपोर्टमध्ये घ्या आणि चूक किती आली तो आकडा शेजारीच लिहा. वादळाच्या मोसमाआधीचं मॉडेल शक्य तितक्या लवकर उरकून घ्या, कंट्रोल पॉइंट कुठे घ्यायचे त्याचा कच्चा नकाशा आणि तिथले दोन-चार फोटो पत्ता न देता मला मेसेजमध्ये पाठवा, मी बघून सांगतो.